खैरुद्दीनने काढलेला पोचा

खैरुद्दीन आमच्या दाभोळ खाडीच्या अंगाचा माणूस. उंचीला बेताचा, मानेला जाड, आणि हात असे की सलाम करून हातात हात दिलात तर नारळाच्या करवंटीत बोटं अडकल्यासारखं वाटावं. उभी हयात पोचे काढण्यात गेली. पितळी हंड्याला पडतो तोच पोचा गाडीच्या पत्र्यालाही पडतो. फरक इतकाच की हंडा पोच्यासकट पाणी भरतो, आणि गाडीचा पोचा मालकाच्या छातीत दुखतो. गल्फात ह्या धंद्याला डेंटिंग म्हणतात. खैरुद्दीनला कोणी विचारलं तर तो सांगायचा, "मी पोचेवाला."

त्याची कामाची रीत ठरलेली. तळहाताखाली जुन्या लुंगीचं पातळ फडकं घ्यायचं, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला लागतं. मग पत्र्याच्या मागं लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढनं हातोडीचे हलके टोले. खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, थापून वरनं रंग मारणारे कारागीर त्याला आवडत नसत. "मुडद्याला सुरमा लावतात मेले," म्हणायचा.

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजात तो पंचविशीत चिकटला तो साठी उलटेपर्यंत. मग गॅरेजचा मालक वारला, पोरांनी जागा विकली, आणि खैरुद्दीनचा विसा रद्द झाला. साठी ओलांडलेल्याला नवा विसा कोण देतो? गावाहून हव्वाबीचा रोज फोन. "अवो, खलास करा आता. या घरी."

हव्वाबी म्हणजे त्याची बायको. तिचं म्हणणं वाकडं नव्हतं, पण खैरुद्दीनची गोची निराळी होती. सुट्टीवर गेला की पहिला आठवडा बरा जायचा. दुसऱ्या आठवड्यात हा अंगणात उगाच बादल्या सरळ करत बसायचा. साखरेचा डबा कुठं असतो ते ठाऊक नाही, शेजारच्या पोरांची नावं ठाऊक नाहीत, आणि हव्वाबी त्याच्या पुढ्यात चहा ठेवायची तो पाहुण्यांच्या कपात. त्या कपाची त्याला धास्ती. इथं गल्फात निदान हाताला काम होतं, आणि काम असेतोवर माणूस कोणीतरी असतो.

तेव्हा अफशा धावून आली. अफशा रायगडकडल्या माणसांची लेक, पण जन्मली-वाढली शारजात. घरचे मराठी बोलतात म्हणून ही मराठी बोलते, तीत अर्धं हिंदी, पाव इंग्रजी. तिचा बाप गॅरेजात गाडी टाकायचा, म्हणून खैरुद्दीन तिचा चाचा. ती एका अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, खासगी म्युझियमची मॅनेजर होती. अरबाबला शर्यतीच्या गाड्यांचं वेड. एक जुनं गोदाम एसी करून त्यानं त्यात जगभरच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. अफशानं खैरुद्दीनला देखरेखीला लावून घेतलं आणि बजावलं, "चाचा, गुरुवारी अरबाब गेस्ट घेऊन येणारेत. तुम्हाला बघतील, पसंत पडलात तर विसा लगेच. इन्शाल्ला होऊन जाईल. फक्त काही गडबड नको."

"गडबड कशाची व्हनार? गाड्या उभ्याच तर हायत."

उभ्या होत्या खऱ्या. पण मधोमध, सगळ्यांत जास्त उजेडात जी ठेवली होती, ती बघून खैरुद्दीनचं डोकं फिरलं. अमेरिकेतली स्टॉक कार. घरच्या गाडीसारखी दिसते, पण नुसती शर्यतीसाठी बांधलेली. नाक चेचलेलं, छप्पर दबलेलं, उजवी बाजू भिंतीला घासून सोलून निघालेली. असल्या गाड्या त्यानं आयुष्यभर कबाडात जाताना बघितल्या. ही मखमलीच्या दोरीत! जवळ गेला तर आणखी घोळ. दार उघडायला गेला तर दारच नाही, नुसता सपाट पत्रा. ड्रायव्हर म्हणे खिडकीतनं शिरतो. पुढचे दिवे बघायला गेला तर दिव्यांच्या जागी दिव्यांचं चित्र चिकटवलेलं.

"अफशा, ही गाडी हाय का गाडीचा फोटू?"

"चाचा, ती आमची स्टार आहे. लोक तिच्याजवळच सेल्फी काढतात."

"हिच्यात मेला कोन?"

"कोणी नाही. ड्रायव्हर स्वतः चालत बाहेर आला."

"मंग तर करता येल की हिला."

अफशा हसली. तिला वाटलं चाचा गंमत करतोय. चाचा आयुष्यात गाडीबद्दल गंमत बोलला नव्हता.

सोमवारी अफशाला दुबई मरीनाला मीटिंग होती. गाडी चालवता चालवता तिनं चाचाला व्हॉइस नोट पाठवली. "चाचा, अस्सलाम आलेकुम. मी दोन दिवस येत नाहीय. त्या अमेरिकन गाडीचं पोचा नीट करून टाका हं. गुरुवारी एकदम क्लीन दिसली पाहिजे. यल्ला, बाय."

आता बघा. शारजात वाढलेल्या पोरीचा पोचा हिंदीतला. ओल्या फडक्यानं पुसणं म्हणजे पोचा. दाभोळच्या पोचेवाल्याचा पोचा तो हंड्याचा. खैरुद्दीनला हिंदी येत नव्हतं असं नाही. पण समोरची पोरगी मराठीत बोलतेय, समोर गाडी पोच्यांनी भरलेली, आणि ऐकणारा पोचेवाला. त्याच्या कानात दुसरा अर्थ शिरायला जागाच नव्हती. तरी त्यानं विचारलं. उलट नोट पाठवली, "पोरी, सगला कराचा?"

"हो चाचा, सगळं."

"गुरुवारपावत सगला नाय व्हनार."

अफशा गोंधळली असणार. एक गाडी पुसायला किती वेळ लागतो? म्हणाली, "होईल तेवढं करा. दिसणारी साइड तरी करून टाका."

दिसणारी बाजू डावी. लोक तिकडनंच यायचे. आणि डावी तशी बरीच धड होती. मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यात एकच पोचा, पपई मावेल एवढा, त्यात दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा पिवळा रंग घासलेला. खैरुद्दीननं पत्र्याची पेटी आणली, मागचं चाक उतरवलं, आत हात घातला. दोन दिवस त्याला जेवणाची शुद्ध राहिली नाही. पत्रा पातळ, चांगल्या जातीचा, टोल्याला साद देणारा. लांबीचा एक कण लावला नाही. पिवळा रंग हलक्या हातानं उतरवला, खालचा निळा तेवढा जपला. शेवटी डोळे मिटून फडक्याखालनं तळहात फिरवला. काही लागलं नाही. पोचा कुठं होता ते त्याचं त्यालाच सापडेना. मग चाक चढवलं, लादी पुसली आणि बाकीच्या गाड्यांवर फडकं मारलं.

बुधवारी सकाळी अफशा आली. हातातली कॉफी तशीच धरून गाडीभोवती फिरली, डाव्या बाजूला आली आणि थबकली.

"चाचा, इथे काय होतं?"

"पोचा व्हता."

"मग कुठे गेला?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"म्हंजे काढला. तूच बोललीस ना, पोचा करून टाका!"

कॉफी लादीवर सांडली. "ओ माय गॉड, चाचा! पोचा म्हणजे वाइप! कपड्यानं!" ती हवेत हात फिरवून पुसून दाखवू लागली.

खैरुद्दीन तिच्या हाताकडं बघत राहिला. "त्येला पोचा बोलतात?"

"सगळे बोलतात!"

"मंग पोच्याला काय बोलतात?"

अफशा खाली बसली आणि तिनं त्याला फोनवर शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. चाळीसएक गाड्या गोल ट्रॅकवर सुसाट. त्यांतल्या ह्या निळ्या गाडीला मागनं एक पिवळी गाडी डाव्या अंगाला नुसती शिवते. बैल शिंगानं ढोसतो तेवढीच. निळी फिरते, भिंतीवर जाते, उलटते, लोळते. बाकीचं सगळं मोडणं त्या एका शिवण्यातनं आलेलं.

"अरबाब गेस्ट लोकांना स्टोरी इथूनच सांगतात, चाचा. बोट ठेवून. 'इट ऑल स्टार्टेड हिअर.' आता कुठे बोट ठेवणार?"

गाडीला पोचा पडला तर तो काढायचा, एवढंच खैरुद्दीनला ठाऊक. पोचा असलेला बरा आणि गेलेला वाईट, हे कसलं शास्त्र? पण विसा त्याला कळत होता. उद्या अरबाब येणार, पोचा गायब झालेला बघणार, आणि परवा आपण विमानात. मग अंगण, बादल्या आणि पाहुण्यांचा कप.

"परत घालतंय," तो म्हणाला. घाबरला की तो असंच काहीतरी बोलून बसायचा.

फोटो समोर ठेवून त्यानं हातोडीला फडकं गुंडाळलं. हात उचलला तो वरच राहिला. सरळ, निरोगी पत्र्यावर कधी घाव घातला नव्हता. कोंबडी कापताना बिस्मिल्ला म्हणतात, इथं काय म्हणायचं ते सुचेना. शेवटी डोळे मिटून हाणला. पत्रा टणकन वाजला आणि होता तसा झाला. इतका घट्ट बसवला होता त्यानं. दुसरा टोला जोरात हाणला तेव्हा एक चंद्रकोर उठली.

अफशानं वाकून बघितलं. "हे तर हातोडीचं वाटतंय."

"हातोडीचाच हाय तो."

खैरुद्दीननं चंद्रकोर निमूट काढून टाकली. गाडीनं मारलेल्या पोच्याचा तोंडवळा निराळा असतो. तो हातोडीनं येत नाही, त्याला गाडीच लागते. मग ह्या दोन शहाण्यांनी काय करावं? गोदामाचं शटर वर केलं आणि अफशानं स्वतःची छोटी गाडी मागं घेत घेत आत आणली.

"हळू, पोरी. हळू. आनीक मागं. यल्ला, ढोस!"

तिनं ढोसलं. खाड् झालं. स्टॉक कार जागची हलली, पत्र्याला ओरखडाही नाही, आणि अफशाच्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर कडेनं फाटून लोंबू लागला.

मग अफशा आधी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "माझी पण नोकरी जाणार, चाचा."

"तुजी कशी जाल? पोचा मी काढला. मीच सांगनार." मग लोंबणारा बंपर हातानं उचलून म्हणाला, "ह्यो मी शिवून देतंय. पन प्लास्टिक हाय, मना आवडत नाय."

गुरुवारी अरबाब आला. अंगात पायघोळ, पांढरा शुभ्र कंदुरा, मागं पाचसहा पाहुणे. सरळ स्टॉक कारकडं. बोलत बोलत त्यानं सवयीनं डाव्या पत्र्यावर बोट ठेवलं आणि बोट घसरलं. परत ठेवलं, परत घसरलं. वाकून बघितलं.

खैरुद्दीन पुढं झाला. "अरबाब, माफी. मैंने निकाला."

"लेश?" अरबाबनं विचारलं. का?

ह्या 'का'ला खैरुद्दीनकडं एकच जबाब होता. "पोचा था. निकाला."

अफशा घाईघाईनं अरबीत आणि इंग्रजीत सांगू लागली. हिंदी पोचा, मराठी पोचा, फडकं, हातोडी. पाहुण्यांत हशा पिकला. अरबाब हसला नाही. त्यानं डोळे मिटले आणि पत्र्यावरनं तळहात फिरवला, सावकाश, पुढनं मागं, मागनं पुढं. मग डोळे उघडले, खैरुद्दीनकडं बराच वेळ बघितलं आणि एकच शब्द बोलला.

"खलास."

आणि पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या गाडीकडं गेला.

"खलास म्हंजे?" खैरुद्दीननं अफशाला कुजबुजत विचारलं. "मी खलास, का विषय खलास?"

"मला पण नाही कळलं, चाचा."

शुक्रवार त्यानं कसाबसा काढला. नमाज पढला, सामान बांधलं, परत सोडलं. शनिवारी सकाळी दारात अरबाबचा ड्रायव्हर उभा. "चलो. सामान लेके."

"एअरपोर्ट?"

"अल ऐन."

अल ऐनला अरबाबचं शेत. तिथं शेडमध्ये त्याच्या चालत्या गाड्या. वाळूच्या टेकड्यांवर उधळायच्या आणि ठोकून आणायच्या. विसा तिथल्या कामावर करायचा हुकूम झाला होता. आणि अरबाबनं अफशाला बजावलं होतं, हा माणूस म्युझियमच्या दारात परत दिसता कामा नये. सरळ झालेला पत्रा मात्र त्यानं तसाच ठेवायला सांगितला. का, ते अफशालाही कळलं नाही. आता ती लोकांना एका गुळगुळीत जागेवर बोट ठेवून सांगते की इथनं सुरू झालं, आणि लोक वाकून वाकून बघतात.

पोचलेल्या दिवशी दुपारी खैरुद्दीननं शेडच्या सावलीत बसून हव्वाबीला फोन लावला. समोर ओळीनं गाड्या, एकीचंही अंग धड नाही.

"विसा व्हतोय," तो म्हणाला. "पन तिथनं काढलान मना."

"काढलान मंग विसा कसा देतोय?"

"गाड्यांसाठीच देतोय. म्हंजे दुसऱ्या गाड्यांसाठी."

"अवो, म्हंजे तुमाला चढवलान का हाकललान?"

"मना बी तेच कलत नाय."

"मी शिरनी कबूल केली व्हती विसासाठी. मंग ती वाटू का नको?"

तुमी घरी या म्हणून रोज फोन करणारी बायको विसासाठी शिरनीचं गोड वाटायचा नवस बोलून बसली होती, हे खैरुद्दीनला तेव्हा कळलं. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुष्कळ विचार केला.

"अर्दी वाट," तो म्हणाला.