कुमुदचं दुसरं निवेदन

कुमुद गेल्याची तार आली तेव्हा मी वर्गात शिकवत होते. तिला कावीळ झाल्याचं कळलं होतं, पण ही बाई काविळीला काय भीक घालणार, असंच मी धरून चालले होते. तार वाचली आणि खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला. पस्तिशीसुद्धा पुरती झाली नव्हती... इतकं भांडून मिळवलेलं काम असं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

आम्ही दोघी वेंगुर्ल्याच्या, एका बाकावरच्या. तिचे वडील अण्णा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आई लवकर वारली, म्हणून घरातले मासे साफ करण्यापासून सगळं कुमुदच्या गळ्यात. तरी ती मुंबईला जाऊन डॉक्टर झाली. मग तिच्या डोक्यात शिरलं ते सर्जन व्हायचं. बाईमाणसानं बाळंतपणं करावीत, असा तेव्हा सगळ्यांचाच हिशेब. इस्पितळात निवासी डॉक्टरच्या जागेसाठी अर्ज करायचा आणि सोबत निवेदन द्यायचं: हाच विभाग का हवा, स्वतःच्या शब्दांत. अण्णांनी ते स्वतःच लिहून काढलं. घराण्याची महती, कोकणचं दारिद्र्य आणि शेवटी ‘आपली नम्र सेविका’! इंग्रजी असं झोकदार की वाचताना धाप लागावी. उत्तर आलं, सर्जरीत जागा नाही, प्रसूती विभागात हवी तर या.

अण्णा खूश. कुमुद मात्र पुढच्या निवडीपर्यंत घरी बसायला तयार झाली. पुन्हा नकार आला तर मुकाट्यानं प्रसूतीत जायचं, असं अण्णांनी तिच्याकडून वदवून घेतलं. आता सगळी भिस्त त्या निवेदनावर! अण्णांनी परत लेखणी उचलली तशी ती म्हणाली, “अण्णानू, तुमी लिवलात तां सगळां बरां आसा. पण तेच्यात मी खंय आसंय?”

मग तिनं स्वतः लिहिलं. साधं, आखूड. लहानपणापासून मी मासे साफ करते, पोटातली पित्ताची पिशवी न फोडता आतडी काढते, फुटली तर मासा कडू होतो. हातांनी सांभाळून करायचं हे काम मला आवडतं आणि माझे हात थरथरत नाहीत... अण्णांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“चेडवा, थंय मोठे मोठे डॉक्टर बसतले! तेंका तू मासे कापूक शिकयतलंस? लाज नाय वाटणा तुका?”

“नाय वाटणा,” कुमुद म्हणाली, आणि पाकीट घेऊन तडक पोस्टात गेली. मी तिच्यामागून धावत होते.

मुलाखतीचा किस्सा तिनं मला नंतर सांगितला. मुख्य सर्जननी चष्म्यावरून बघत विचारलं, “आणि पित्त फुटलंच, तर काय करता?” ही म्हणाली, “तो मासा मी माझ्या पानात घेते. दुसऱ्याला वाढत नाही.” बाकीचे हसले. ते नाही हसले. जागा मिळाली.

तिथं शिकून ती परत आली आणि आमच्या तालुक्यात पोटं उघडू लागली. कावीळही कुठल्याशा रुग्णाकडूनच लागली म्हणतात.

परवा अण्णांना भेटायला गेले. पडवीत बसून असतात. समाचाराला माणसं अजून येतात. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “मास्तरांनू, कितकी बाळंतपणां केल्यान तुमच्या चेडवान...”

अण्णा ताठ झाले. “बाळंतपणां न्हय. ऑपरेशनां. सर्जन होतां माजां चेडू.”

म्हातारी मान डोलावून उठली. तिच्यामागून आणखी कोणी आलं, बाळंतपणांचंच बोललं. अण्णांनी त्यालाही सांगितलं.