लाल की विटकरी

वर्ध्याजवळच्या देवळी गावात आमचं ब्लाउजपीसचं छोटं दुकान होतं. बाया साडी घेऊन येत, अन् आमचे हे ट्यूबलाइटवर भरवसा न ठेवता पीस बाहेर उन्हात नेऊन रंग जुळवत.

मग यांच्या डोक्यात, डोळ्यांच्या नसांजवळ गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. उरलेल्या गाठीवर मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. केस गेले, पुन्हा आले. पुढच्या दिवाळीला आम्ही जोमानं माल भरला.

लग्नसराईत एका बाईला यांनी लाल साडीवर विटकरी पीस कापून दिला. ती परत आली तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण दुसरा पीस कापताना माझी कात्री वाकडी गेली.

त्यानंतर मला चैन पडेना. कधी टमाटर, कधी रिबीन यांच्यापुढे धरायची. "हा कोनता रंग? आता एक डोळा झाका." एकदा यांनी माझा हात बाजूला सारला. "मले शाळेत बसवू नको."

नागपूरला पुन्हा डोक्याचा फोटो काढला. गाठ वाढली नव्हती. मी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "गाठ शांत आहे. पण शेकामुळे डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या आहेत. क्वचित होतं असं, अन् उशिरा होतं."

"मंग शेक काऊन देल्ला?" मी विचारलं.

"नसता दिला तर गाठीनंच नजर नेली असती. कदाचित जीवही."

मला राग आला होता, पण तो काढावा कोणावर?

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. डावा डोळा गेला. उजव्यात धुरकट उजेड राहिला. हे गादीवर टिकेनात; गल्ल्यापासून दारापर्यंत येरझारा घालत.

एका दुपारी मी चहा घेऊन आले तर दुकानात कोणी नाही. स्टँडवर धावले. पानठेलेवाला म्हणाला, वर्ध्याच्या गाडीत बसले. मी तिथंच उभी राहिले, येणारी प्रत्येक गाडी पाहत. दिवस कलताना हे उतरले, गुडघा खरचटलेला.

"कुठं गेलते?"

"वर्ध्याले. पाटी वाचता येत नाई, इचारून बसलो. पाहून राह्यलो होतो, जमते का."

"अन् पडले."

"पडलो."

पुढच्या आठवड्यात यांनी माल आणायची पिशवी काढली. "येतं का तू? रंग पाहाले कोनी तरी पाह्यजे."

मी दुकानाचं शटर खाली ओढलं.