कव्हरवाल्या काकूंची गाडी

कव्हरवाल्या काकूंनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीट शिवल्या. गॅरेजांच्या रांगेत अगदी शेवटी त्यांचं दुकान. पुढे पत्र्याची शेड, आत जाड सुईचं मशीन, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे. स्वतः गाडी घ्यावी असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

ते आलं काकांमुळे. काका पोस्टमन होते. जन्म पायी आणि सायकलवर गेला, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पण तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बसची पायरी काकांना झेपेना. दोनदा कंडक्टरने दंडाला धरून वर ओढलं. तिसऱ्या खेपेला काका घरातून निघालेच नाहीत. "पार्सल झालंय माझं," म्हणाले आणि खिडकीशी बसून राहिले.

काकूंनी कुणाला ताकास तूर न लागू देता ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. चोपन्नाव्या वर्षी. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. लायसन्स त्यांनी काकांच्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "फोटोत चेहरा रागीट आलाय."

"नापास झाले त्याच दिवशी काढला होता," काकू म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी काका हसले.

गाडी जुनीच घ्यायची होती, पण भरवशाची. सोबत धाकटे दीर आले. त्यांना गाड्यांतलं सगळं कळतं, असं त्यांचं मत होतं. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे एक लाल गाडी नुसती चमचमत होती. दिरांनी चारही टायरांना लाथा मारून पाहिल्या.

"वहिनी, डोळे झाकून घ्या. इंजिन बघा, आरशासारखं आहे!"

काकूंनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. त्या आत बसल्या. सुगंधी फवाऱ्याचा वास नाकात भरला, आणि त्याखालून दुसराच एक, ओल्या पोत्यासारखा. त्यांनी सीटखाली हात घातला. सीट ज्या पट्टीवर मागेपुढे सरकते, तिच्या खाचेत बोट फिरवलं. मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला. तळाशी वीतभर पट्टा मातकट रंगाचा होता.

"ही पाण्यात बुडाली होती," त्या म्हणाल्या आणि बोटाला लागलेला वाळका गाळ विक्रेत्याला दाखवला.

"काहीतरीच काय बाई! कालच धुतलीय, म्हणून ओल असेल."

"धुतल्यावर गाळ निघून जातो. येत नाही."

विक्रेत्याने गाडीचं दार लावून घेतलं. दीर रस्ताभर म्हणत राहिले, मलाही शंका आलीच होती.

पुढचे दोन महिने काकूंनी नऊ गाड्या नाकारल्या. काका वैतागले. "शिवायची आहे का चालवायची आहे तुला?" पण दहावी गाडी बघायला ते स्वतःहून उठले, कारण ती दोन गल्ल्या पलीकडेच होती. दीरही सोबत आले.

ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. राखाडी, दिसायला यथातथाच. बाई मुलीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. काही विचारायच्या आतच त्यांनी मागचं दार दाखवलं. "हा पोचा माझाच. खांब होता, मी पाहिला नाही." मग कपाटातून सर्व्हिसिंगचे कागद आणले, तारखेप्रमाणे लावलेले.

काकू आत बसल्या. ड्रायव्हरच्या सीटची उतरायच्या बाजूची कड दबलेली, मागची सीट मात्र कोरी. म्हणजे एकच माणूस वापरणारं. सीटचे नट कुणी कधी खोललेले नव्हते. गाळ नाही, गंज नाही. बोनेटला हात लावला, तर गार, म्हणजे आधीच तापवून ठेवलेली नव्हती. "आता सुरू करा," त्या म्हणाल्या. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं.

तरी त्यांनी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घेतली. "क्लच वर्षभरात बदलावा लागेल," तो म्हणाला. "बाकी ठणठणीत."

गाडी परत डॉक्टरीणबाईंच्या दारात आली, तेव्हा काकू काकांकडे वळल्या. "आता तुम्ही बसा."

दिरांनी आधाराला हात पुढे केला, काकांनी तो बाजूला सारला. आधी पाठमोरे होऊन सीटवर टेकले, मग एक पाय आत, मग दुसरा. सीट ना फार खाली, ना फार वर, बरोबर उंचीची होती. त्यांनी दार स्वतः ओढून घेतलं आणि काच खाली केली.

"घे," ते म्हणाले.

पुढच्याच गुरुवारी काकू त्यांना तलावावर घेऊन निघाल्या. चौकात गाडी तीनदा बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. काका म्हणाले, "वाजवू दे. मी कुठे पळतोय?"

तलावाच्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून ते उतरले. काकूही उतरू लागल्या, तर म्हणाले, "तू कशाला ताटकळतेस? तासाभराने ये."

आणि काठी टेकत, मागे न बघता आत गेले.

काकूंनी दार पुन्हा ओढून घेतलं. जायचं कुठेच नव्हतं. मग त्यांनी गाडी तलावामागच्या लांब सरळ रस्त्याला काढली, सगळ्या काचा उघडल्या आणि पहिल्यांदाच चौथा गिअर टाकला.