रिकाम्या जागा घेऊन सुटणाऱ्या जीपची गोष्ट

सुजाताताई रोकडे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या फाट्यावर झाली. मी निवृत्त मराठी शिक्षक. सकाळी सुनेला, मंदाला, कल्याणच्या जीपमध्ये बसवून द्यायला जात असे आणि जीप येईपर्यंत वर्गात शिकवलेल्या कविता मनाशी घोळवत असे. मंदा कल्याणला इस्पितळात परिचारिका. वारंवार उशीर होतो म्हणून तिला शेवटची ताकीद मिळाली होती. आता नोकरी सोडायची, नाहीतर लहानग्या लेकीला आमच्याजवळ ठेवून कल्याणला खोली घ्यायची, असा पेच घरात होता.

त्या दिवशी फाट्यावर एक बाई नुसत्याच बसलेल्या होत्या. जीप न थांबताच पुढे गेली, तेव्हा त्यांनी विचारलं, “गुरुजी, ही जीप का थांबली नाही?”

“भरलेली होती.”

“कुठे भरली?”

“मुरबाडलाच. भरल्याशिवाय सुटतच नाही ती.”

“मग इथल्या माणसानं जायचं कधी?”

इतकी वर्षं तिथे उभा राहून हा प्रश्न मला पडला नव्हता.

ताई मूळच्या किन्हवलीच्या. महानगराच्या वाहतूक नियोजनात त्यांची उभी हयात गेली. कार्यालयात नव्या उड्डाणपुलाचं देखणं चित्र मांडलं गेलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “यात चालणारा माणूस कुठे आहे?” त्यांचं म्हणणं असं, की शहर पालिकेच्या हद्दीवर सुरू होत नाही. कल्याणच्या इस्पितळातली सकाळची पाळी आमच्या फाट्यावर सुरू होते. इथली परिचारिका अडकली, की तिथला रुग्ण अडकला.

मग त्या मुरबाडला जीपवाल्यांकडे गेल्या. मीही सोबत होतो. जीप ठरल्या वेळी, थोड्या जागा रिकाम्या ठेवून सोडा, असं त्यांनी सांगताच हशा पिकला. जीपवाल्यांचा म्होरक्या बबन म्हणाला, “ताई, रिकामी शिटं कल्याण बघायला न्यायची का आमी?”

“वाटेतली माणसं बसव ना रे.”

“तुमाला नाय कळायचं त्यातलं.”

“किन्हवलीची हाय मी. टपावर बसून शाळेत गेलेली. मला नको शिकवू.”

बबन हसला, पण कबूल झाला नाही. ताई रोज येत राहिल्या. अखेर एका सकाळी त्यानं एक जीप तशी सोडून पाहिली. जागा वाटेतच भरल्या. मग ती रोजच तशी सुटू लागली आणि मंदा वेळेवर पोचू लागली. कवितेच्या ओळीत यती असते, श्वास घ्यायला ठेवलेली जागा. वाहनातली मोकळी जागाही तशीच, असं मी ताईंना सांगितलं. पुढे एका बैठकीत त्यांनी ते माझं नाव घेऊन सांगितलं. हा त्यांचा मोठेपणा.

त्यांचा दुसरा हट्ट त्याहून अवघड होता. गावाला बाहेर पडायच्या दोन वाटा रोज चालत्या हव्यात. म्हणून किन्हवलीवरून शहापूरकडे, कल्याणला जाणारी रेल्वे गाठून देणारी एक जीप त्यांनी रोज सोडायला लावली. तिला प्रवासी मोजकेच. बबन तिला ‘ताईंची हौस’ म्हणे. पण कल्याणच्या रस्त्यावरच्या पुलाला तडा गेला, वाहतूक बंद झाली, तेव्हा त्या हौसेचीच वाट झाली. चालकांना रस्ता, वेळ, कुठली रेल्वेगाडी गाठायची हे सगळं सवयीचं होतं. बबननं दुसऱ्या दिवशी तिकडच्या जीपा वाढवल्या, एवढंच. मंदाची एकही पाळी चुकली नाही.

पूल दुरुस्त झाला आणि ती जीप बंद करायची बोलणी सुरू झाली. ताई पुन्हा मुरबाडच्या जीप-अड्ड्यावर हजर. त्यांनी तोंड उघडण्याआधीच बबन आपल्या माणसांना म्हणाला, “रिकामी गेली तरी जाऊ दे. पूल काय आपल्याला इचारून तडकतो?” अजून ती जीप सुटते.

आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी आता कसाऱ्याकडच्या पाड्यांचं काम हाती घेतलंय आणि ते तडीस नेल्याशिवाय त्या थांबायच्या नाहीत. त्यांचे गुडघे खणखणीत राहोत, आवाज असाच करडा राहो, आणि शंभरीतही त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती न होवो.

हा लेख लिहिताना मंदा कामावरून आली. ताईंना काय कळवू, असं मी तिला विचारलं. लेकीची वेणी घालता घालता ती म्हणाली, “सांगा, मला खोली घ्यावी लागली नाय.”