ढालीवरचा कोयता

ओल्या गेरूचा वास आला की मला आमच्या गावची ती ग्रामसभा आठवते. वारली चित्रं शिकायला आमच्याकडे राहिलेल्या जर्मन पाहुणीने तिच्या छोट्या गावाचं बोधचिन्ह दाखवलं होतं, निळ्या ढालीवर पिवळं गिरणीचं चाक. पूर्वी तिथे सरदाराचा सिंह होता, पण गाव जगलं पिठाच्या गिरण्यांवर, म्हणून लोकांनी सिंह काढून चाक बसवलं, असं ती म्हणाली. मग आम्हा पोरांच्या आग्रहाने ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही ढाल काढायचं ठरलं. भिंतीला गेरू लागला आणि रंगाऱ्याने खडूने मुकुट आणि दोन तलवारी आखल्या. त्याच भिंतीसमोर भरलेल्या ग्रामसभेत, मुकुट नको म्हणून, मी उठून राजे आणि रयत यांवर तावातावाने बोललो. लोक जांभया देत राहिले. "ढाल म्हटली का तलवार पाहिजेच," सरपंच म्हणाले. तेव्हा भात झोडून आलेली माझी आत्या केसांतल्या भुसकटासह उभी राहिली. "कोणाच्या घरात तलवार हाय? हात वर करा." एकही हात वर गेला नाही. "आन कोयता?" सभा खदखदून हसली आणि पुरुषांच्या कमरेला बांधलेल्या लाकडी आकड्यांतून कोयते निघून उंच झाले. "सरपंचदादा, तुमच्या कमरंला काय लटकलंय?" सरपंचांनीही हसत आपला कोयता वर धरला. रंगाऱ्याने तिथल्या तिथे मुकुट आणि तलवारी पुसल्या आणि ढालीवर कोयता काढला. आता मी संघटनेची पत्रकं लिहितो, आणि आजही लिहायला बसलो की पहिल्या ओळीत घोषणा देत नाही, आत्यासारखा प्रश्न विचारतो.