मेलेल्यांना कसला पास?

बर्नडेट पिकुल्स्की आमच्या हायस्कूलच्या हजेरीच्या खिडकीत, गैरहजेरीच्या चिठ्ठ्या तपासत आणि वर्गात जायचे पास देत, बावीस वर्षं बसली आणि तेवढ्या काळात एकाही पोराची थाप तिच्यापुढे टिकली नाही. आईच्या आवाजात फोन करणाऱ्या मुलीला ती पहिल्या वाक्यात पकडायची. "तुझ्या आईला सांग, सर्दीनं आवाज बसतो, पातळ होत नाही. दुसऱ्या तासाला ये मुकाट्यानं." आजीच्या अंत्यविधीची चिठ्ठी आणणाऱ्या एका धटिंगणाला म्हणाली, "ही तिसरी आजी रे! आजोबा भलतेच हौशी दिसतात." मी शेजारच्या टेबलावर फोन घ्यायचे आणि हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. तिला या कसबाचा गर्व होता आणि तो आम्हीच वाढवला होता.

शहाण्णव सालच्या एप्रिलात, प्रॉमच्या, म्हणजे वर्षअखेरच्या नाचाच्या, आदल्या आठवड्यात शाळेनं दारू पिऊन गाडी हाकण्याविरुद्धचा तो दरवर्षीचा खेळ मांडला. काळ्या झग्यातला मृत्यू वर्गात शिरायचा, एकाला बाहेर न्यायचा आणि मागून पोलीस त्या मुलाचा मृत्युलेख वाचायचा. मग मुलाचं तोंड पांढरं रंगवायचं, दप्तर त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायचं, वर एक गुलाब. शाळा सुटेपर्यंत त्यानं बाहेर भिंतीशी उभं राहायचं, कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. 'मरायला' मिळावं म्हणून पोरांत चढाओढ असे.

त्या वर्षी अकरावीतली मेव्ह हॅलोरन निवडली गेली. सांगितलेलं शब्दशः पाळणारी मुलगी. तिला मधुमेह होता हे नर्सला ठाऊक होतं, पण मंगळवारी आमची नर्स दुसऱ्या शाळेत असायची.

साडेअकराला मेव्ह खिडकीशी आली. तोंड पांढरं, ओठ मिटलेले. तिनं वर्गाकडे बोट दाखवलं, पोटावर हात ठेवला, पुन्हा बोट दाखवलं. हात थरथरत होता.

"अगंबाई, हातसुद्धा कापतोय!" बर्नडेट म्हणाली. "कंटाळलीस ना मरून? तास चालू आहे, आत जायचं नाही. मेलेल्यांना कसला पास? जा, भिंतीशी उभी राहा."

मेव्ह काही ऐकूच न आल्यासारखी बघत राहिली आणि मग गेली. मी हसले. हो, मीही हसले.

दहा मिनिटांत बाहेरून टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू आल्या. मेव्ह जमिनीवर पडून हातपाय झाडत होती आणि जेवायला निघालेली पोरं भोवती उभी होती.

"काय झकास मरतेय बघ!"

"ए मेव्ह, पुन्हा एकदा!"

बर्नडेट गर्दीत घुसली, गुडघ्यांवर बसली आणि बाहीनं तिचा गाल पुसला. रंगाखालचा गालही तसाच पांढरा होता. "अँब्युलन्स बोलवा!" ती किंचाळली. तरी दोघं-तिघं हसलेच. त्यांना वाटलं, हेही नाटकातलंच. मी फोनकडे धावले. तीन आकडी नंबर, तोही माझ्या हातून दोनदा चुकला.

मेव्ह वाचली. रक्तातली साखर पार उतरली होती आणि तिच्या ग्लुकोजच्या गोळ्या वर्गात, दप्तरात होत्या. त्या सकाळचं तिला काहीच आठवेना. मुख्याध्यापकांनी लाउडस्पीकरवरून बर्नडेटचं कौतुक केलं, तेव्हा ती टेबलाकडे बघत बसली होती. मला वाटलं, लाजली.

पुढच्या आठवड्यात मिसेस हॅलोरन ताजा केळ्याचा केक घेऊन आल्या. तो खिडकीत ठेवून त्यांनी बर्नडेटचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून माझी पोर आहे."

बर्नी, गप्प बस, मी मनात म्हटलं. कुणाला माहीत नाही.

"ती आधी माझ्याकडेच आली होती," बर्नडेट म्हणाली. "दप्तर मागायला. मला वाटलं, सोंग करतेय. मी परत पाठवली."

"हात कापत होते तिचे?"

"हो."

"तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले. थट्टा केली मी."

मिसेस हॅलोरननी हात सोडवून घेतले. माझे कान तापले. एवढं उघड, एवढ्या सरळ आवाजात कुणी स्वतःवर ओढवून घेतं? मग त्या माझ्याकडे वळल्या.

"अँब्युलन्सला फोन तुम्ही केलात ना?"

"हो."

"ती इथं आली तेव्हा तुम्हीही होतात?"

"नाही," मी म्हणाले. "मी जेवायला गेले होते."

बर्नडेटनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मिसेस हॅलोरननी केक तिच्यापुढून उचलला, माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या निघून गेल्या. संध्याकाळी मी तो घरी नेला.