डाळीच्या पाण्याचा फेस

माझ्या नवऱ्याचा उजवा हात मोडला तेव्हा मला काळजी हाताची होती आणि त्यांना दाढीची. आंगणात मोटर सुरू करायला गेले, ओल्या फरशीवरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर अजून वाळलंही नव्हतं तर डॉक्टरांना विचारतात, "मंग दाढीचं कसं करू मी?" डॉक्टर हसले. मी नाही हसले. पस्तीस वर्षं या माणसाबरोबर काढली आहेत, पुढचे सहा आठवडे मला तिथेच दिसले.

आमचे हे रोज सकाळी सातला मागच्या आंगणात खुर्ची टाकून बसतात. भिंतीवर आरसा, स्टीलच्या वाटीत साबणाची गोल वडी, लाकडी दांड्याचा ब्रश आणि ब्लेडचा रेझर. तापानं फणफणलेले असले तरी हे चुकत नाही. वर्ध्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि दाढी वाढलेला माणूस गल्ल्यावर बसला की गिऱ्हाइकाला बियाणंही जुनं वाटतं, असं त्यांचं शास्त्र. सलूनमध्ये जा म्हटलं तर तिथल्या डब्यातल्या फेसानं गालावर पुरळ उठतं. डाव्या हातानं एकदा करून पाहिली, हनुवटी कापून घेतली आणि रेझर तुळशीपाशी भिरकावला. मग बसले घरात, दहा दिवस, पांढरी खुंटं वाढवत.

त्या गुरुवारी नागपुरातून मुलीचा फोन आला. "आई, रविवारी येऊ का बाबांना पाहायला? पण ते हो म्हणाले तरच. मला परत तसं नाही जायचं."

परत तसं म्हणजे दिवाळीसारखं. दिवाळीत ती आली होती, दारात चपला काढत होती, आणि हे मागच्या दारानं दुकानात निघून गेले ते ती जाईपर्यंत आलेच नाहीत. तिनं दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा, पण यांचं म्हणणं असं की जातीचं मला काही नाही, मला पोरीनं सांगितलं नाही. ही बातमी त्यांना दुकानात एका गिऱ्हाइकानं दिली, अभिनंदन म्हणून हात पुढे करत. हे म्हणाले, कशाचं? चार माणसांसमोर म्हणाले. तेव्हापासून मुलीशी एक शब्द नाही. नागपूर काय, दीड-दोन तासांची एसटी, पण यांनी तो रस्ता कायमचा बंद करून टाकला होता.

मी विचारलं. ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "या तोंडानं पोरीसमोर बसू? हात गळ्यात, दाढी वाढली. तिले वाटन, बाप खचला. दाढी झाल्याबिगर मी कोणाले भेटत नाई."

नाही म्हणाले नाहीत, हे मी पकडलं. दाढी झाल्याबिगर म्हणाले. म्हणजे दाढी झाली तर हा बहाणा संपला! "मंग मीच करून देतो," मी म्हटलं. वऱ्हाडात आम्ही बायकाही तावात आलो की असंच बोलतो. ते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, आंगणातल्या नळाखाली ब्रश धरला आणि साबणावर फिरवला. फिरवला, फिरवला, मनगट दुखून आलं. फेस आला, पण कसला? मोठे मोठे बुडबुडे, गालावर लावेपर्यंत फुटून जायचे आणि मागे राहायचा पांढरट चिकट लगदा. रेझर लावला तर खुंटं ओढली गेली. हे ओरडले, "अवं, सोलून राह्यली का मले!"

शनिवारी सकाळी मी गिझरचं गरम पाणी घेतलं. तीच तऱ्हा. जास्त पाणी घातलं तर ते ओघळून बनियनमध्ये, कमी घातलं तर ब्रश कोरडा. आणि हे आरशातून बघत बसलेले, गंभीर चेहरा करून. "तीस वर्षं शाळेत पोरायले शिकवलं, अन् वाटीभर फेस नाई काढता येत?" माझं डोकंच फिरलं. ब्रश वाटीत आदळला आणि आत निघून आले. रविवार उद्यावर आला होता, मुलगी संध्याकाळी फोन करणार होती आणि मी साबणापुढे हरले होते.

रागात स्वयंपाकाला लागले. तुरीची डाळ धुतली, कुकरमध्ये टाकली आणि हंड्यातून पाणी घेतलं. आमच्याकडे डाळीला नळयोजनेचंच पाणी लागतं. बोरचं पाणी जड, त्यात डाळ टाकली तर दिवसभर शिजवा, दाणा न् दाणा वेगळा. म्हणून सकाळी नळ आला की एक हंडा डाळीसाठी बाजूला ठेवायचा, आणि आंगण, बाथरूम, टाकी सगळं बोरवर. पस्तीस वर्षांपूर्वी या घरात आले, ते सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं.

कुकरचं झाकण हातातच राहिलं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, कपड्यांना साबण दुप्पट लागतो, त्या पाण्यात मी दोन दिवस फेस काढत होते! आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. रोज सकाळी माझ्या हंड्यातलं पेलाभर पाणी कमी असायचं. मी वर्षानुवर्षं कुरकुर करत आले, कोण नेतं म्हणून. हेच नेत होते, दाढीला. म्हणजे यांना पाण्याचं ठाऊक होतं. दोन दिवस माझी फजिती आरशात बघितली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही, कारण दाढी झाली असती तर मुलीला भेटावं लागलं असतं.

मी इतकी चिडले की तशीच बाहेर जाऊन भांडणार होते. दारापर्यंत गेले आणि थांबले. कारण गप्प बसून दुसऱ्याला तोंडघशी पाडायचं काम या घरात मी त्यांच्याआधी केलं होतं.

मुलीच्या लग्नाचं मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी तिथे हजर होते. तिला बाबांना सांगायचंच होतं, फोनवर रडून म्हणाली, मी येते आणि समोर बसून सांगते. मीच म्हटलं, तू नको, मी बरोबर वेळ बघून सांगते. मग आज यांचं पित्त वाढलंय, उद्या दुकानात माल यायचाय, असं करत करत लग्नाचा दिवस आला. आणि नंतर गिऱ्हाईक माझ्या आधी बोललं. मुलीनं सगळा राग स्वतःवर घेतला. म्हणाली, आई, तुला त्या घरात राहायचंय. आणि मी तो घेऊ दिला, दोन वर्षं. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून छडी दाखवणारी मी! लाज वाटते हे लिहिताना, पण आहे ते आहे.

दुपारी चारला मी हंड्यातलं पेलाभर पाणी कोमट करून आंगणात नेलं. यांनी पेला पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्चीत बसले. ब्रश भिजवला आणि चांगला पिळला. आता घाई केली नाही. वडीवर हलक्या हातानं गोल गोल फिरवत राहिले, नुसत्या ओल्या ब्रशनं, मलईसारखं घट्ट होईपर्यंत. मग गालावर. दोन थेंब पाणी, पुन्हा गोल. आणखी दोन थेंब. पाणी एकदम ओतायचं नाही, हे भज्याच्या पिठात कळतं ते मला साबणात दोन दिवस कळलं नव्हतं. आणि आला की हो फेस! बुडबुडा एक नाही, दाट, चकचकीत, गालावर ठेवला तसा उभा. साबणाचा वास आंगणभर झाला. माझा मलाच असा आनंद झाला की दोन मिनिटं मी कशासाठी आले तेच विसरले.

वरच्या ओठावर फेस लावला की माणसाला तोंड उघडता येत नाही. रेझर गालावर असला की मान हलवता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा हे असे माझ्यासमोर होते, आणि मी ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"पोरीनं तुमच्यापासून काही लपवलं नाई," मी म्हटलं, पहिला हात कानापासून खाली ओढत. "म्या लपवलं. ती सांगतो म्हणे, म्याच थांबवलं तिले. मी लग्नाले गेलतो. तुमाले सांगतलं केळझरच्या गणपतीले जातो, अन् त्याच गाडीत पुढं नागपूरपर्यंत बसून राह्यलो. केळझर आलं तवा खिडकीतूनच हात जोडले. माफ कर म्हटलं त्याले. तुमाले म्हणायची हिंमत नाई झाली."

त्यांचे डोळे आरशात माझ्यावर होते. मी रेझर पेल्यात बुडवला, झटकला, दुसरा हात ओढला. माझी डावी मूठ मी त्यांच्या खांद्यावर दाबून धरली होती. फेस इतका चांगला होता की पातं कुठे अडकलं नाही.

अर्धा चेहरा झाल्यावर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठावरचा फेस गळ्यातल्या टॉवेललाच घासून पुसला आणि एवढंच विचारलं, "मंग ते पेढे?"

मला वाटलं होतं, ते विसरले असतील. त्या दिवशी मी परत येताना डबा आणला होता आणि गणपतीचा प्रसाद म्हणून यांच्या हातावर ठेवला होता.

"लग्नाचे," मी म्हटलं. "तिनंच दिले. बाबाले खाऊ घाल म्हणे."

मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि दुसरा गाल पुढे केला. मी पुन्हा फेस लावला आणि उरलेली दाढी केली. तोंड धुऊन टॉवेलनं पुसताना म्हणाले, "तिले सांग, सकाळच्या गाडीनं येजो म्हणा. जावयालेही आण म्हणा." आणि आत जाताना मागे न बघता, "तुह्याशी मले काही बोलायचं नाई."

रविवारी दोघं आले. हे समोरच्या खोलीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हात गळ्यात. मुलगी दारातच उभी राहिली. जावई बिचारा पिशवी या हातातून त्या हातात करत होता. मग हे जमिनीकडे बघत म्हणाले, "तुह्या लग्नाचे पेढे खाल्ले होते म्या. चार खाल्ले. चांगले होते."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. ती जाऊन त्यांच्या पायाशी बसली आणि जी रडली ती रडली. मी चहाच्या नावाखाली आत पळाले आणि ओट्याला धरून माझंही उरकून घेतलं.

माझ्याशी ते पुढचे नऊ दिवस बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायचे. मी काही म्हटलं नाही, माझी पाळीच होती ती. पण त्या नऊही दिवशी, सकाळी सातला, ते आंगणात खुर्ची टाकून बसायचे, डोळे मिटायचे, मान वर करायचे आणि मी रेझर घेऊन येईपर्यंत तसेच थांबायचे.